नाल्याकाठची हिरवी पट्टी

हिरवा रंग दिसला की लोकांना बरं वाटतं. मला आधी संशय येतो. हा स्वभावाचा दोष नाही, पोटापाण्याचा धंदाच तसा आहे. नागपुरात एका कचेरीत बसून मी उपग्रहाची चित्रं बघते आणि कुठल्या जमिनीवर किती झाडोरा आहे, पीक किती दाट आहे, ते सांगते. लोक विचारतात, एवढ्या वरून कसं कळतं? मी सांगते, जिवंत पान सूर्याचा तांबडा उजेड पिऊन टाकतं आणि तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड परत फेकतं. वाळक्या पानाला किंवा उघड्या मातीला हे जमत नाही. उपग्रह दोन्ही उजेड मोजतो आणि त्यांच्या फरकातून एक आकडा निघतो. आकडा मोठा तर हिरवाई जास्त. त्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. इतकं ऐकून लोक माना डोलावतात आणि मग हमखास विचारतात, आमचं घर दिसतं का त्यात?

माझं घर त्यात दिसत होतं. तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

आमचं गाव मारेगाव तालुक्यातलं. काळी जमीन, कापूस आणि मधेमधे तुरीच्या ओळी. ज्या वर्षांत गुलाबी बोंडअळीनं जिल्हा पोखरून काढला, त्या वर्षांबद्दल मी सांगते आहे. त्या पहिल्या वर्षी माझ्या पडद्यावर आमचा तालुका असा हिरवागार होता की कचेरीतल्या लोकांनी माझं अभिनंदन केलं, जणू कापूस मीच पेरला होता. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, खरोखरच माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती. बोंडंही लागली होती. वेचणीला बायका वावरात गेल्या आणि बोंड उकलून पाहिलं, तर आत डागाळलेली, चिकटलेली कवडी, म्हणजे वाया गेलेला कापूस, आणि तिच्यात बसलेली अळी. झाडाला त्याचं काही नव्हतं, ते मजेत हिरवं होतं. आकाशातून बोंडाच्या आतलं दिसत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण ते असं घरच्या वावरात येऊन कळलं.

पुढच्या हंगामाआधी गावानं एक चांगलं काम केलं. त्या कामामागे माझा मोठा भाऊ होता.

दादाबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. मला नागपूरला शिकायला पाठवायचं की नाही यावर घरात पुष्कळ दिवस काथ्याकूट चालली होती. नको म्हणणारेच जास्त होते. दादा एकटा म्हणाला, "जाऊ द्या तिले. इथं राहून कायले कापूस वेचते?" तोच मला बसनं घेऊन गेला, वसतिगृहाच्या बाईंशी बोलला, आणि परत निघताना मला रडू आलं तर म्हणाला, "रडू नको, चष्मा भिजते." चष्मा मला तेव्हा नव्हता. पुढे लागला, तेव्हा त्यानंच चिडवलं की आता तरी भिजव. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं त्यात त्याचा हात आहे, असं मी कुणालाही सांगत असे. आजही ते खोटं नाही. त्यामुळेच तर पुढचं सहन होत नाही.

दादा गावातल्या कापूस गटाचा अध्यक्ष होता. शेतकी खात्याचे लोक येऊन सांगून गेले होते की अळीची साखळी तोडायची असेल तर एकच उपाय आहे, फरदड घ्यायची नाही. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर पऱ्हाटी न उपटता तिला पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायला लावायची आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वेचत राहायचं. ज्याच्याकडे पाणी आहे त्याला हा फुकटचा फायदा वाटतो. पण त्या उभ्या झाडांवर अळी मजेत राहते आणि पुढच्या वर्षी साऱ्या गावात पसरते. एकानं उपटून भागत नाही, सगळ्यांनी उपटावी लागते.

ग्रामपंचायतीसमोर सभा झाली. संक्रांतीच्या आत गावातली झाडून सारी पऱ्हाटी उपटायची असं ठरलं. आणि जो उपटणार नाही त्याला शिक्षा काय? दंडाचं नाव निघालं तर लोक हसले, दंड कोण भरतो? तेव्हा दादा उठला आणि म्हणाला, "त्याचे बैल पोळ्याले तोरणाखाली येणार नाहीत." आमच्याकडे पोळ्याला सगळ्या जोड्या सजवून वेशीजवळ आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या करतात, तिथं झडत्या म्हणतात, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणाऱ्या तुकबंद्या, आणि मग बैल घरोघर ओवाळून घ्यायला जातात. ज्याचे बैल तिथं नसतील त्याच्याकडे त्या दिवशी सारं गाव बघतं. दंडापेक्षा ही शिक्षा भारी होती. सगळ्यांनी हात वर केले.

पहारा कोणी करायचा, हा प्रश्नही दादानंच सोडवला. "आपली बाई हाये न नागपूरले. ते वरतून पाहीन." मी पुढच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन गेले आणि सभेत गावाचं चित्र दाखवलं. उपटलेलं वावर तपकिरी दिसेल, उभी पऱ्हाटी हिरवी दिसेल, दर काही दिवसांनी नवं चित्र येईल. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून आपलं वावर शोधत होती. एक म्हातारा म्हणाला, "आता आभायालेबी डोये आले." मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की काय सांगू. माझं शिक्षण पहिल्यांदा माझ्या गावाच्या कामी आलं होतं आणि शेजारी दादा छाती फुगवून उभा होता.

आमचं एक वावर गावापासून लांब, नाल्याकाठी आहे. काठावर आमच्या बाजूला सागाची रांग आहे. नाल्याच्या पलीकडे वहिनीचं वावर. ही वहिनी म्हणजे गावाच्या टोकाला जी बौद्ध वस्ती आहे तिथली, माझ्या शाळेतल्या सोबत्याची बायको. तो ट्रक चालवतो, पांढरकवड्याहून हैदराबादकडे माल नेतो, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतो. शेती सगळी तीच बघते. त्या वर्षीचा पोळा होऊन गेल्यावर तिनं बैलजोडी घेतली होती. त्यांच्या घरात स्वतःचे बैल पहिल्यांदाच आले होते. एक तांबडा, एक पांढरा, जोडी जुळत नाही म्हणून लोक हसायचे, तर ती म्हणायची, "मले रंगाशी लग्न लावाचं हाये का?" सभेत हात वर करणाऱ्यांत ती होती, आणि तिला पोळ्याचं फार वाटत होतं हे तिच्या बोलण्यातून कळत होतं. झुली तिनं तेव्हापासूनच शिवायला घेतल्या होत्या.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी घरी होते. दादाला ओवाळलं, आईनं फराळाचं ताट आणून ठेवलं. दादा पाटावर बसल्या बसल्याच विचारायला लागला, "बाई, तुह्या त्या चित्रात लहानात लहान केवढं दिसते?"

मला कुणी कामाबद्दल विचारलं की मी वाहवत जाते. मी ताटातले शंकरपाळे घेऊन त्याला चौकटी मांडून दाखवल्या. म्हटलं, चित्र अशा चौकटींचं असतं. एक चौकट म्हणजे जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. त्याहून लहान असेल ते वेगळं दिसत नाही, सगळं मिसळून एकच आकडा येतो.

"आन् एका चौकटीत अर्धं झाड, अर्धं पीक आलं तं?"

"मिसळ होते. मोठं झाड असलं तर खालचं काही कळत नाही, नुसती झाडाची हिरवाई दिसते."

"म्हंजे सागाखाली काही लावलं तं सरकारलेबी दिसाचं नाही," तो म्हणाला आणि एक शंकरपाळा उचलून तोंडात टाकला. मी हसले. आईही हसली. माझा भाऊ माझ्या कामात लक्ष घालतो याचं मला कौतुक वाटलं, आणि मी त्याला मोबाइलवर आमच्याच नाल्याकाठचं त्या आठवड्याचं चित्र उघडून दाखवलं. सागाची रांग त्यात जाड हिरव्या रेघेसारखी दिसत होती. त्यानं ते बराच वेळ पाहिलं.

संक्रांत झाली. चित्रं येत गेली आणि गाव तपकिरी होत गेलं. वहिनीचं वावर सगळ्यांत आधी मोकळं झालं. इतरांचीही वावरं एकामागून एक उजाड होत होती, आणि उजाड वावर बघून इतका आनंद होणारी जिल्ह्यात मी एकटीच असेन. माघ सरत आला तेव्हा शेवटचं चित्र मी उघडलं. गहू-हरभऱ्याचे तुकडे आम्ही आधीच ओळखून बाजूला काढले होते. ते सोडले तर सारं गाव मातीच्या रंगाचं होतं. फक्त नाल्याकाठी एक अरुंद हिरवी पट्टी होती.

नाला अरुंद, पट्टीही अरुंद. ती अलीकडच्या काठावर आहे की पलीकडच्या, हे चित्रावरून छातीठोक सांगता येत नव्हतं. एखाद्या चौकटीचा फरक इकडेतिकडे होतोच. अशा वेळी आमच्या कामाचा नियम सरळ आहे, कुणीतरी जागेवर जाऊन बघायचं. मी दादाला फोन केला आणि म्हटलं, नाल्याकाठी काहीतरी हिरवं आहे, कोणाचं आहे ते बघून ये.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "पाहून आलो. पलीकडची हाये. तिनं काठाकाठानं चार ओळी ठेवल्या."

"वहिनीनं? तिनं तर सगळ्यांत आधी उपटली होती."

"समोरची उपटली, मांगची ठेवली. लोकायचं असंच असते, बाई."

मला वाईट वाटलं, तिचा थोडा रागही आला. पण शंका आली नाही. दादा बघून आला होता. मी ते चित्र गटाला पाठवलं आणि कळवलं की एक पट्टी उभी आहे आणि ती कोणाची हे अध्यक्षांनी जागेवर जाऊन पाहिलं आहे. गटाची सभा झाली. वहिनी ओरडून सांगत होती म्हणे की माझ्या घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग लागला आहे, येऊन मोजा. तो ढीग रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता. पण सभेत सगळे म्हणाले, सॅटेलाइट खोटं बोलन का? त्याले कोणाशी दुस्मनी हाये? आणि ठरलं की तिचे बैल पोळ्याला येणार नाहीत.

हे सगळं मला होळीला गावी गेले तेव्हा कळलं, आणि कळलं ते वहिनीकडूनच. एसटीतून उतरले तर ती फाट्यावर उभी होती. माझ्याच बसची वाट पाहत होती. नेहमीसारखं हसली नाही.

"ताई, माह्या वावरात पऱ्हाटी उभी हाये असं तुम्ही लिहून देल्लं?"

मी चाचरत म्हटलं, की चित्रात दिसलं, आणि दादा बघून आला.

"तुमी पाह्यली का?"

"नाही."

"मंग चाला पाहाले."

मी बॅग घेऊन तशीच तिच्यामागे गेले. उन्हं कलली होती. तिच्या वावरात पऱ्हाटीचं एक थुटूकही नव्हतं. नांगरून ढेकळं वर आलेली, काठापर्यंत, अगदी नाल्याच्या दरडीपर्यंत. ती दरडीवरून खाली उतरली, कोरड्या नाल्यातून पलीकडे चढली आणि माझ्यासाठी थांबली. मी चढले तेव्हा पायाखाली सागाची वाळलेली पानं कुरकुरली. वर पाहिलं तर सागाच्या रांगेत एकही पान नव्हतं. साग उन्हाळ्याआधी पानं गाळतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आणि त्या उघड्या बोडक्या सागांच्या बुडाशी, आमच्या वावरात, पऱ्हाटीच्या ओळी उभ्या होत्या. नवी पालवी फुटलेली, खाली ओल, वरच्या डोहातून आणलेला पाण्याचा पाइप अजून तिथंच पडलेला. बोंडं उकलली होती. एका फांदीवर एक फूल न उमलता मिटून बसलं होतं, त्याला डोमकळी म्हणतात, म्हणजे आत अळी. मी ते उघडलं नाही.

मला तिथंच भाऊबीजेचं ताट आठवलं. शंकरपाळे आठवले. दादानं त्या दिवशी मला जे जे विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्यासमोर ओळीनं उभं होतं. जिथं झाडाची हिरवाई पिकाची हिरवाई झाकते अशी जागा त्यानं माझ्याकडूनच समजून घेतली होती, आणि मी दाखवलेल्या दिवाळीच्या चित्रावर विसंबला होता. त्या चित्रात साग पानांनी भरलेला होता. ज्या माणसानं जन्मभर त्या सागाची पानगळ पाहिली त्याच्या हे ध्यानात राहिलं नाही, कारण त्या वेळी तो वावराकडे बघतच नव्हता, माझ्या मोबाइलकडे बघत होता. साग उघडा पडला आणि खालची पट्टी आकाशाला दिसली.

मी मोबाइल काढून फोटो घेतले. वहिनी म्हणाली, "तुमी आता सांगसान न?" मी म्हटलं, सांगीन. तिनं माझी बॅग उचलली आणि घरापर्यंत आणून दिली, अंगणात न येता परत गेली.

दादा ओसरीवर बसला होता. मी म्हटलं, "नाल्यावर जाऊन आले." त्याला लगेच कळलं. तो खोटं बोलला नाही, तेवढं मात्र खरं.

"सगळ्या गावानं उपटली न? मंग अळी मरनच. माह्या चार ओळीनं काय जग बुडते?"

"सगळ्यांनी असंच म्हटलं असतं तर?"

"पण म्हटलं नाही न. म्या त्यायले म्हणू देल्लं नाही." हे तो जवळजवळ अभिमानानं म्हणाला.

"आणि मला कायले फसवलं? मला विचारून, माझ्याकडून शिकून..."

"तुले काय फसवलं? तू सांगतलं, म्या आयकलं."

"आणि वहिनीचं नाव काहून घेतलं?"

त्यावर त्यानं जे उत्तर दिलं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज लिहिते. तो म्हणाला, "तिचं काय बिघडलं? तिचे बैल याच्याआंधी कधी होते तोरणाखाली?"

मला वाटलं होतं मी भांडेन, ओरडेन. काही झालं नाही. मी आत जाऊन आईच्या पलंगावर बसले. ज्या माणसानं मला गावाबाहेर काढलं तो हाच होता, आणि मला तो कधी कळलाच नव्हता. फसवणूक परक्यानं केली तर आपण त्या माणसाला शिव्या घालतो. घरच्यानं केली की आपले सगळे जुने दिवस पुन्हा तपासायला लागतात, आणि ते काम मी अजून करते आहे. बस, वसतिगृह, चष्मा, सगळं.

होळीनंतर मी रजा वाढवली आणि गटाची सभा बोलवायला लावली. तोवर नाल्याकाठी नांगर फिरला होता. पण माझ्याकडे फोटो होते, त्यावर जागा आणि तारीख होती, आणि मी सगळी चित्रं क्रमानं लावून आणली होती. दिवाळीत साग हिरवा आणि वावरही हिरवं. माघात साग उघडा आणि पट्टी हिरवी. मी सांगितलं की ही पट्टी अलीकडच्या काठावर आहे, आमची आहे, ठरावाप्रमाणे या वर्षी आमचे बैल तोरणाखाली येऊ नयेत. वहिनीवरचा आळ मागे घ्यावा. दादा खाली बघून बसला होता.

मला वाटलं होतं गाव चिडेल. गाव चिडलं नाही. गाव खाकरलं.

एकजण म्हणाला, "मशीन हाये, चुकते कधीमधी."

मी म्हटलं, "गेल्या सभेत तर चुकत नव्हती."

दुसरा म्हणाला, "फोटो कोनत्या वावराचा हाये हे फोटोवरून कसं समजाव?" तिसरा म्हणाला, दादाशिवाय गट चालन का, व्यापाऱ्याशी कोण बोलन? आणि मग मागून कुणीतरी, मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात, म्हणालं, "बाईले हिस्सा पाह्यजे असन." झालं. सगळ्यांना एकदम उलगडा झाला. बहीण भावाविरुद्ध उठली म्हणजे जमिनीचा वाटा मागत असणार, याच्यापुढे उपग्रहाला कोण विचारतो? मी कितीही तारखा दाखवल्या तरी आता त्या वाटणीच्याच तारखा होत्या. जी माणसं माझ्या चित्रावर वाकून वाकून आपलं वावर शोधत होती, ती त्या दिवशी पडद्याकडे बघतही नव्हती.

शेवटी एका वडीलधाऱ्यानं तोडगा काढला. सणात भांडण नको. झालं गेलं गंगेला मिळालं. ज्याच्याकडून काही चुकलं असेल त्याला आणि तिला, दोघांनाही माफी. पोळ्याला सगळ्यांचे बैल येऊ द्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादानंही. घरी आईनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि इतकंच म्हणाली, "चारचौघांत भावाचं नाव घेतेत का?" मी जेवले. भूक लागली होती.

पोळ्याला मी यायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी आले. वेशीजवळ तोरण बांधलं होतं. दादाची जोडी पुढच्या ओळीत होती, शिंगांना सोनेरी बेगड, पाठीवर नवी झूल. वहिनीचा तांबडा किंवा पांढरा बैल कुठं दिसतो का म्हणून मी सगळी रांग बघून आले. नव्हता. झडत्या सुरू झाल्या. गावात एकजण आहे, तो दर वर्षी नवी रचून आणतो. त्यानं माझ्याकडे बघून हात वर केला.

"आभायात फिरते यंत्राचा डोया,
खाली आमच्या गावात भरला पोया,
शयरातली बाई सांगे वावराचा रंग,
घरच्या चुलीशीच मांडला तिनं जंग!"

गर्दीनं हर हर महादेव म्हटलं. झडतीला रागवायचं नसतं, हा रिवाज आहे, म्हणून मीही हसल्यासारखं केलं. पण त्या गजरात एक आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि तो मी लहानपणापासून ओळखते. शाळेत माझा नंबर आला की अंगणातून आईला हाक मारायचा तो आवाज.

तोरण तुटलं आणि बैल पळाले, तेव्हा मी गर्दीतून बाहेर पडले आणि वस्तीकडे गेले. वहिनीच्या अंगणात दोन्ही बैल बांधले होते. झुली घातलेल्या, शिंगं रंगवलेली, एकाची हिरवी आणि दुसऱ्याची लाल. तिनं पुरणपोळी केली होती आणि पितळी परातीतून बैलांना चारत होती. नवरा आला नव्हता, गाडी कुठंतरी अडकली होती.

मी म्हटलं, "वहिनी, सगळ्यांना बोलावलं होतं ना?"

"बलावलं न. माफ केलं म्हणे." तिनं पांढऱ्याच्या तोंडात पोळीचा तुकडा घातला. "मले कायची माफी? मी गेली असती तं माफ झालेली चोट्टी म्हणून उभी राह्यली असती."

मग तिनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "ताई, ते चित्र हाये का तुमच्यापाशी? सभेत दाखवलं थे? मले कोणी दाखवलंच नाही."

माझ्याजवळ मोबाइलमध्ये होतं. मी माघातलं चित्र उघडून तिच्या हातात दिलं आणि नाला दाखवला. तिनं बोटानं हळूहळू नाल्यावरून जात आपला काठ शोधला. तिथं रुंद, मोकळा, तपकिरी तुकडा होता.

"हे माहं?"

"हो."

"हे तं मातीच हाये सारी."

"हो."

"तवाबी अशीच होती? गावानं पाह्यलं तवा?"

"अशीच होती, वहिनी. चित्र तेच आहे."

पडदा विझला तर तिनं बोट लावून पुन्हा उजेड आणला. मग मोबाइल माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मंग गावानं काय पाह्यलं?"

मी मोबाइल बंद केला. तिनं परातीतली उरलेली पोळी तांबड्याला घातली आणि मला आत जेवायला बोलावलं.